रेल्वेच्या बातम्या तपासण्याची वही : मडगाव, पावसाळा 2025

8 जून

रेल्वेवेडे जमले की एक विषय हमखास निघतो: पेपरवाल्यांना रेल्वेतलं ओ की ठो कळत नाही. मीही त्यात वर्षानुवर्षं सूर मिसळत आलोय. या पावसाळ्यात मात्र गोव्यातल्या रेल्वेच्या बातम्या कात्रणं लावून, एकेक विधान पुराव्याशी ताडून बघायच्या असं ठरलं. आपल्या भागात कोणाला हेच करायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून या नोंदी.

माणसं तीन. मी, शेजारचे गार्डकाका, ज्यांची बहुतेक नोकरी कुळे-कॅसलरॉक घाटात गेली, आणि माझी भाची, जिच्याकडे स्कॅनिंग आणि संगणकावरची यादी. भांडवल म्हणजे काकांची पत्र्याची ट्रंक. मीटरगेजच्या काळापासूनची कात्रणं तिच्यात आहेत. काहींवर तारीख नाही, काहींवर पेपरचं नावच कात्रीत गेलंय.

दैनिकांची नावं वहीत आहेत, इथे येणार नाहीत. एकच प्रेसनोट सगळीकडे जाते आणि एकच चूक चार ठिकाणी उमटते. त्यात एकालाच धरण्यात अर्थ नाही.

14 जून

हा आठवडा कागद सुकवण्यात गेला. ट्रंकेच्या तळाला बुरशी. खळीने वहीत चिकटवलेली कात्रणं कसरीने चाळणी केलेली, सेलोटेपवाली पिवळी पडून टेप सुटलेला. नुसती पाकिटात घालून ठेवलेली तेवढी शाबूत. म्हणून नियम एक: काहीही चिकटवायचं नाही. पाकिटावर पेन्सिलीने तारीख, पेपर, पान.

खर्च: घट्ट झाकणाचे दोन प्लास्टिकचे डबे 700 रुपये, मोबाइल आडवा धरायचा स्टँड 450, पाकिटं 120. कपाटात पिवळा बल्ब लावून कागद सुकवले. गोव्यात जूनमध्ये दुसरा इलाज नाही, पण साधा तारेचा बल्ब मिळवायला मडगावचा नवा-जुना दोन्ही बाजार पालथे घातले. सगळीकडे एलईडी, आणि एलईडीला ऊब नाही.

16 जून

कालपासून कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागू झालं. आधी ते 10 जून ते 31 ऑक्टोबर असायचं. यंदा 15 जून ते 20 ऑक्टोबर. एका दैनिकाच्या चौकटीत अजून जुन्याच तारखा. गेल्या वर्षीची चौकट उचलून लावली असणार, कारण मजकुराची मोडणीही तीच आहे. दुसरीकडे ‘गाड्या उशिरा धावणार’. गाड्या उशिरा धावणार नाहीत, त्यांच्या वेळाच बदलल्या आहेत. घाटातून आणि कटिंगमधून, म्हणजे डोंगर कापून काढलेल्या वाटेतून, वेग उतरवलेला असतो, आणि मुसळधार पावसात समोरचं दिसेनासं झालं तर ताशी 40 च्या वर जायचं नाही अशी लोको पायलटला (इंजिनचालकाला) सूचना असते. मुंबई-मडगाव वंदे भारत एरवी आठवड्याचे सहा दिवस, पावसात तीनच दिवस, आणि प्रवासाला दोन तासांहून अधिक वेळ जास्त. ‘उशिरा’ वाचून जो माणूस नेहमीच्या वेळेला थोडी सवलत देऊन स्टेशनवर जाईल त्याची गाडी चुकू शकते, कारण काही स्थानकांवर गाडी आधीच्या वेळेपेक्षा लवकर येते.

पहिला रकाना भरला. वहीचे रकाने सध्या असे: तारीख, पेपर, विधान, चूक की बरोबर, पुरावा.

22 जून

वहीचा आराखडा फसला.

रकाने भराभर भरत गेले आणि काल रात्री पाहतो तर ‘चूक’ शिक्क्याखाली सगळं एकाच पंगतीला बसलेलं. पावसाळी वेळापत्रकाची चुकीची तारीख ही एक चूक, आणि फोटोखाली इंजिनाचा प्रकार डब्ल्यूडीपी-4डी ऐवजी डब्ल्यूडीजी-4 लिहिला हीही एक चूक. दोन्हींना एकेक गुण. इंजिनाचा प्रकार चुकल्याने जगात कोणाचं काय बिघडलं? आमच्यासारख्या पाच-पंचवीस जणांचा चहा गार झाला, एवढंच. रेल्वेवेड्यांच्या बहुतेक तक्रारी याच जातीच्या निघतात, हे पहिल्या पंधरवड्यातच दिसलं आणि थोडं खटकलंही.

नवे रकाने: मथळा, मजकूर, फोटो हे तिन्ही वेगवेगळे तपासायचे, आणि शेवटी ‘वाचकाचं काय बिघडलं’. गाडी चुकली, पैसे गेले, चुकीच्या कचेरीकडे तक्रार गेली, उगाच भीती बसली, की काहीच नाही. आधीची सगळी पानं पुन्हा लिहावी लागणार. भाचीने कपाळावर हात मारला.

29 जून

अंतराचं प्रकरण. यावर सगळ्यात जास्त वेळ गेला, पण वसूल झाला.

वंदे भारत सुरू झाली 27 जून 2023 ला. मुळात 3 जूनला निघायची होती. आदल्या संध्याकाळी बालेश्वरजवळ तीन गाड्यांचा अपघात झाला आणि कार्यक्रम रद्द झाला. त्या महिन्याची कात्रणं समोर ठेवली तर मुंबई-मडगाव अंतर कुठे 580 च्या आसपास, कुठे 765 किलोमीटर. दोन्ही आकडे एकाच आठवड्यातले. एकाने तर 765 ला पावणेआठ तासांनी भागून ताशी जवळपास 99 किलोमीटर सरासरी वेग काढून दिलेला.

765 आला कुठून? तिकिटावरून. कोकण रेल्वे बांधायला खर्च अवाढव्य आला, म्हणून भाड्यासाठी तिच्या हद्दीतलं अंतर सुमारे 40 टक्के फुगवून धरतात. रोह्यापर्यंतचे मध्य रेल्वेचे 143 किलोमीटर जसेच्या तसे, पुढचे फुगवलेले. तिकिटावर छापलेला आकडा भाड्याचा, रुळाचा नव्हे. रुळाचं अंतर 580 च्या आसपास, आणि त्याला पावणेआठने भागलं की सरासरी निघते 75 ची. सिंगल लाइन, समोरच्या गाडीला वाट द्यायला क्रॉसिंगची थांबाथांब आणि कमाल 120 चा वेग असलेल्या मार्गावर 75 ही चांगलीच सरासरी आहे. 99 छापल्याने उलट गाडीची कामगिरी कळेनाशी झाली.

वार्ताहराला दोष द्यायला जीभ वळेना. त्याने तिकीट बघितलं, म्हणजे पुरावाच बघितला. रेल्वेनेच दिलेला कागद. काका म्हणाले, “तू तरी नोकरीत नसताना हे ओळखलं असतंस?” बहुधा नाही.

याच पाकिटात ‘ताशी 180 किलोमीटर वेगाने गोव्यात’ छापाचे मथळे. 180 ही गाडीच्या बनावटीची क्षमता. कोकणच्या रुळांवर तिला कोणी तसं धावू देणार नाही. वाचकाचं बिघडलं काय? काही नाही, फक्त गाडीत बसल्यावर हिरमोड.

6 जुलै

गाडी कोणाच्या हद्दीत होती?

23 जुलै 2021. चिपळूणच्या पुरामुळे कोकण रेल्वे बंद, म्हणून मंगळूरहून मुंबईला जाणारी गाडी मडगाव-लोंढा-मिरज अशी वळवलेली. दूधसागर आणि सोनावळीदरम्यान दरड आली, इंजिन आणि पहिला डबा रुळांवरून घसरला. जीवितहानी नाही. हे सगळं बहुतेक कात्रणांत बरोबर आहे, अगदी डब्याच्या क्रमापर्यंत. पण निम्म्याहून अधिक मथळ्यांत ‘कोकण रेल्वेची गाडी घसरली’ किंवा ‘कोकण रेल्वेमार्गावर’. तो मार्ग दक्षिण पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागाचा. ब्रागांझा घाट, 37 ला 1 असा चढ, जिथे मालगाड्यांना ढकलायला मागून जादा इंजिनं, बँकर, लावतात. कोकण रेल्वेचा तिथे रुळाखालचा एक स्लीपरही नाही.

वाचकाचं बिघडतं ते नंतर. गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत कोकण रेल्वे महामंडळ. वास्कोपासून कुळे-कॅसलरॉककडे दक्षिण पश्चिम रेल्वे. मडगावला दोन्ही मार्ग येतात, पण स्थानक कोकण रेल्वेचं. कुडचड्याच्या फाटकाची तक्रार बेलापूरला, कोकण रेल्वेच्या मुख्यालयात, पाठवणारे लोक मी स्वतः पाहिलेत. पेपरात जे नाव वाचलं त्यालाच ते पत्र लिहिणार.

इथे भाचीचा एक प्रश्न कामाचा निघाला. जुन्या कात्रणांत याच मार्गाला ‘दक्षिण मध्य रेल्वे’ म्हटलंय, तिने ते चूक धरलं होतं. पण दक्षिण पश्चिम रेल्वेचा कारभार सुरू झाला 1 एप्रिल 2003 ला, त्याआधी मार्ग दक्षिण मध्यकडेच होता. म्हणजे त्या दिवसापुरतं बरोबर. वहीत ‘त्या तारखेला खरं होतं का’ असा रकाना वाढला.

11 जुलै

पणजीला पाटोवर, कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात. काकांच्या ट्रंकेत नसलेले अंक बघायला. जायला बस, यायला बस, मधे भाजी-पाव. दिवसभरात जेवढे अंक चाळून होतील असं वाटलं होतं त्याच्या तिसरा हिस्साही झाले नाहीत. कारण उघड आहे: जुना पेपर हातात आला की रेल्वेची बातमी सोडून माणूस सिनेमाच्या जाहिराती वाचत बसतो. पुढच्या वेळी तारखांची यादी घरून करूनच जायचं.

पेडण्याच्या बोगद्याची दोन पाकिटं पूर्ण झाली.

पहिलं 6 ऑगस्ट 2020 चं. मडुरे आणि पेडणे स्थानकांमधल्या बोगद्यात भिंतीचा काही मीटरांचा भाग पडला. मथळ्यांत ‘पेडण्याचा बोगदा कोसळला’. मजकुरात मात्र ‘भिंतीचा भाग’ असं नीट लिहिलंय. इथे वार्ताहर बरोबर आणि मथळेवाला घाईत.

दुसरं पाकीट जास्त शिकवणारं. 9 जुलै 2024 ला दुपारी त्याच बोगद्यात पाणी आणि चिखल आला, गाड्या थांबल्या. रात्री वाहतूक सुरू झाली. 10 च्या पहाटे पुन्हा पाणी उसळलं आणि मार्ग पुन्हा बंद, तो त्या रात्रीपर्यंत. आता 10 तारखेचे सकाळचे अंक बघा: ‘वाहतूक पूर्ववत’. छापताना अक्षर न् अक्षर खरं, घरी पोचेपर्यंत खोटं. थिवीला सकाळी गाडी पकडायला गेलेल्याने पेपर वाचला असेल तर तो फसला. याला चूक म्हणायचं का यावर आमचं दुपारभर वाजलं. काकांचं म्हणणं, सिग्नल पिवळा असताना ‘मार्ग मोकळा’ म्हणणं ही चूकच. मी म्हटलं, पान सुटलं तेव्हा सिग्नल हिरवा होता. शेवटी वेगळा शिक्का केला: ‘शिळं झालं’. चूकही नाही, बरोबरही नाही.

20 जुलै

दिवा जंक्शनवरची वंदे भारत. रेल्वेगटांत यावर सगळ्यात जास्त दात काढले गेले होते म्हणून मुद्दाम घेतली.

23 डिसेंबर 2024, सकाळ. मुंबईहून मडगावला निघालेली वंदे भारत दिव्याला पनवेलकडे वळायची ती सरळ कल्याणकडे गेली. परत दिव्याला आणून मार्गाला लावली, मडगावला साधारण दीड तास उशीर. मथळ्यांचा सूर असा की गाडी रस्ता चुकली, चालक वाट विसरला, गोव्याऐवजी कल्याण.

काकांनी कात्रण वाचून चष्मा खाली ठेवला. “अरे, त्याच्या हातात स्टिअरिंग आहे का?” मग त्यांनी भाचीला समजावलं: गाडी कुठल्या रुळावर जाणार ते पॉइंट, म्हणजे रुळांचा सरकता सांधा, ठरवतो, पॉइंट कुठे वळला ते सिग्नल सांगतो, आणि दोन्ही लोको पायलटच्या हातात नसतात. तो वेग आणि ब्रेक सांभाळतो, सिग्नल पाळतो. मध्य रेल्वेने त्याच दिवशी सांगितलं होतं की दिव्याच्या सिग्नल आणि दूरसंचार यंत्रणेत बिघाड झाला. हे वाक्य जवळजवळ प्रत्येक बातमीत आहे. तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात. ज्याने मथळा वाचून पान उलटलं त्याच्या डोक्यात चालक दोषी ठरला तो कायमचा.

‘वाचकाचं काय बिघडलं’च्या शेजारी एक रकाना आणखी: ‘बातमीतल्या माणसाचं काय बिघडलं’. हा काकांच्या हट्टाने.

(आणि दिवा मध्य रेल्वेवर येतं. तिथेही काहींनी कोकण रेल्वेलाच ओढलंय. सहा जुलैची नोंद पाहा.)

27 जुलै

‘पहिली’, ‘सर्वात’, ‘एकमेव’ असे दावे वेगळे काढले.

गोव्यातली पहिली रेल्वे कधी? तीन लेखांत तीन सालं: 1878, 1887, 1888. तिन्ही कुठल्यातरी घटनेची बरोबर सालं आहेत. 1878 चा अँग्लो-पोर्तुगीज करार; 17 जानेवारी 1887 ला मुरगाव ते सावर्डे मार्ग खुला; 3 फेब्रुवारी 1888 ला कॅसलरॉकपर्यंत जोडणी. ‘गोव्यात पहिली गाडी धावली’ म्हणायचं तर 1887.

29 ऑगस्ट 2024 ला वांद्रे-मडगाव गाडी सुरू झाली तेव्हा ‘पश्चिम रेल्वेवरून गोव्याला पहिलीच गाडी’. मग ओखा-एर्नाकुलम इतकी वर्षं मडगावला थांबते ती कुठून येते? गुजरातच्या गाड्या वसई रोडहून पनवेलकडे वळतात, त्यामुळे बोरिवली-वांद्र्याच्या माणसांना त्या सोयीच्या नव्हत्या. नवीन होतं ते हे. ‘पश्चिम उपनगरांतून’ एवढं लिहिलं असतं तर चूक राहिलीच नसती.

3 ऑगस्ट

वास्को-कुळे-कॅसलरॉक मार्गाचं दुपदरीकरण, म्हणजे शेजारी दुसरा रूळमार्ग टाकणं. गोव्यात हा विषय नुसता रेल्वेचा नाही, त्यामुळे सावकाश केला.

9 मे 2022 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. दुसऱ्या दिवशी ‘दुपदरीकरण रद्द’. निकालात आहे ते असं: तिनईघाट-कॅसलरॉक-कुळे या टप्प्याला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी रद्द, आणि परिणामांचा सविस्तर अभ्यास करून नवा प्रस्ताव मांडायची मुभा रेल्वेला. कुळ्याच्या अलीकडे, मडगाव-वास्कोच्या बाजूला, या निकालाने काहीच थांबवलं नाही. पुढे तिथे काम सुरू दिसलं तेव्हा गावागावांतून लोक विचारू लागले, की कोर्टाने बंद केलेलं काम चालू कसं? मथळ्याने बसवलेला समज दूर करायला कोणीच पुन्हा तेवढा मोठा मथळा दिला नाही. दुपदरीकरणाविरोधी आंदोलनाच्या बाजूचे आणि रेल्वेच्या बाजूचे, दोघेही त्या मथळ्याने गोंधळले. आतापर्यंतच्या वहीत सर्वात जड नोंद ही.

निकालाची प्रत छापून घेतली, झेरॉक्सवाल्याचे पैसे द्यायला विसरून घरी आलो, दुसऱ्या दिवशी नेऊन दिले.

ट्रंकेतलं एक जुनं पाकीट: मडगावची स्कायबस, उंच मार्गाखाली लटकून धावणारी गाडी. ‘होणार’, ‘लवकरच’, ‘येत्या वर्षात’ अशी भरभरून कात्रणं. मग 25 सप्टेंबर 2004 ची चाचणी, अपघात, एका कर्मचाऱ्याचा मृत्यू. त्यानंतर कात्रणं विरळ होत जातात. प्रकल्प गुंडाळला, याची बातमी काकांनी कापलीच नाही की फार छोटी आली होती, ते त्यांनाही आठवत नाही. ‘होणार’च्या बातम्यांना आता वेगळा डबा केला आहे.

10 ऑगस्ट

छंदावरच्या बातम्या. इथे आम्हीच बातमीचा विषय, म्हणून हात जरा जड पडला.

ओळखीच्या एका गृहस्थांनी घरात दूधसागरच्या पुलाची प्रतिकृती केली आहे, 1:87 प्रमाणात, म्हणजे एचओ मापाच्या छोट्या गाड्यांसाठी. त्यांच्यावर अर्धं पान आलं होतं. मथळ्यात ‘खेळण्यातली रेल्वे’. मजकुरात ‘हुबेहूब’. त्यांनी वार्ताहराला नेमकं उलटं सांगितलं होतं: हुबेहूब नाही, कारण बाजारातल्या एचओ रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर, आणि आपल्या ब्रॉडगेजचं 1676 मिलिमीटर. 87 ने भागलं तर रूळ 19.3 चा लागेल. तो घडवणं परवडत नाही म्हणून अरुंद रुळावर भागवलंय. छंदातली खरी गंमत, म्हणजे ही तडजोड, लेखातून गळली. त्यानंतर आठवडाभर त्यांना फोन, मुलाच्या वाढदिवसाला सेट केवढ्याला द्याल म्हणून.

फोटो काढणाऱ्यांवरचे लेख तर एकाच साच्यातले. लहानपणी शिट्टी ऐकली, वेड लागलं, घरच्यांनी समजून घेतलं. दूधसागरला रुळांवरून चालत जाणाऱ्या झुंडीला आणि परवानगीने, रुळांपासून लांब उभं राहून फोटो काढणाऱ्यांना एकाच नावाखाली घालतात. 2023 च्या जुलैत रेल्वे सुरक्षा दलाने तिथल्या पर्यटकांना उठाबशा काढायला लावल्या, ती चित्रफीत गाजली. रुळांवर शिरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे. त्या बातम्यांत त्यांना ‘रेल्वेप्रेमी’ म्हटलेलं वाचून काका दोन दिवस चिडचिडत होते.

पण दुसरी बाजूही वहीत आहे. नवीन गाडी मंजूर, अमुक स्थानकावर थांबा, रेक (डब्यांचा संच) बदलणार, अशा कितीतरी खोट्या बातम्यांचा माग काढला तर तो पेपरच्या कचेरीत नव्हे, रेल्वेवेड्यांच्या गटात जाऊन थांबतो. कोणीतरी अंदाज लिहितो, दुसरा प्रश्नचिन्ह काढून पुढे ढकलतो, तिसऱ्या दिवशी ‘सूत्रांनुसार’ छापून येतं. पेपरवाल्यांवर हसणारे तेच लोक.

24 ऑगस्ट

गणेशचवथ तोंडावर, आणि मोटारींची रो-रो, म्हणजे मोटारी चढवून नेणारी रेल्वेगाडी, सुरू झाली. काल कोलाडहून पहिली सुटली, वेर्ण्याला उतरवतात. एका खेपेत 40 मोटारी, एका मोटारीला 7,875 रुपये, साधारण बारा तास.

जुलैपासूनची कात्रणं एकत्र केली. भाडं सगळीकडे बरोबर. वेळ बरोबर. गोंधळ दोन ठिकाणी. ‘रो-रो पहिल्यांदाच’: ट्रकांची रो-रो कोकण रेल्वे 1999 पासून चालवते, नवीन आहेत त्या मोटारी. आणि ‘आपल्याच गाडीत बसून गावी’: मोटारीत बसू देत नाहीत, प्रवाशांना जोडलेल्या डब्यात बसावं लागतं आणि त्याचं तिकीट वेगळं. हे न कळल्याने घरच्या चौघांचा हिशेब 7,875 मध्ये धरणारा माणूस फसतो, शिवाय एका मोटारीमागे तिघांनाच जागा.

चूक फोटोमुळे वाढली असं मला वाटतं. ट्रकांच्या रो-रोचा जुना फोटो वापरला, त्यात ट्रकवाले आपापल्या केबिनमध्ये बसलेले दिसतात.

7 सप्टेंबर

चवथीचे दिवस संपले, कामाला लागलो. नुसती वही भरून काय उपयोग, म्हणून वार्ताहरांसाठी माहितीपत्रक केलं होतं. सहा पानी पीडीएफ: दोन्ही रेल्वेंचा इतिहास, नकाशा, इंजिनांचे प्रकार चित्रांसह, सिग्नलचे रंग. भाचीने मांडणीवर रात्री घालवल्या. ओळखीच्या वार्ताहरांना पाठवलं. सगळ्यांनी उत्तरादाखल शाबासकीचा अंगठा पाठवला. वापरलं कोणीच नाही.

पणजीत एका दैनिकाच्या डेस्कवर, म्हणजे पानं लावायच्या कामावर, असलेल्या एका मित्राला गाठलं. तो हसला. “रात्री साडेदहाला पान लावताना मी तुझी सहा पानं उघडू? मला मोबाइलवर शोधलं की सापडेल असं दे. आणि पीडीएफमधला मराठी मजकूर उचलला की अक्षरांचा चिवडा होतो, माहीत आहे ना?” मथळ्यांबद्दलही बोलला. मथळा वार्ताहर देत नाही. तो जागेच्या मापात बसवावा लागतो, आणि ‘बोगद्यातील भिंतीचा काही भाग कोसळला’ हे दोन कॉलमात बसत नाही. मी विचारलं, मग काय बसतं? त्याने कागदावर मोजून दाखवलं: ‘बोगद्याची भिंत पडली’. ‘बोगदा कोसळला’पेक्षा एक-दोन अक्षरंच जास्त.

ही भेट जूनमध्येच घ्यायला हवी होती. ज्यांना हे काम करायचंय त्यांनी आधी डेस्कवरचा माणूस शोधा, मग ट्रंक उघडा.

28 सप्टेंबर

नवं पत्रक. उचलला तरी चिवडा न होणारा साधा युनिकोड मजकूर, व्हॉट्सअ‍ॅपवर एका संदेशात मावेल एवढा. इंजिनांचे प्रकार उडवले (काकांची घासाघीस झाली, बँकरचा उल्लेख एका ओळीत राहिला). वहीत ज्या चुकांनी वाचकाचं किंवा बातमीतल्या माणसाचं बिघडलं तेवढ्याच घेतल्या:

गोव्यात कुठला मार्ग कोणत्या रेल्वेचा. कोकण रेल्वे रोह्यापासून ठोकूरपर्यंत, सुमारे 740 किलोमीटर, मुंबईपासून नव्हे. तिकिटावरचं अंतर भाड्याचं, त्यावरून वेग काढू नये. पावसाळी वेळापत्रकाच्या तारखा दरवर्षी पडताळाव्यात. गाडी कुठे वळेल ते लोको पायलट ठरवत नाही. अपघाताची वैधानिक चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात, आणि ते रेल्वे मंत्रालयाखाली नाहीत, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतात. मंजूर, प्रस्तावित आणि सुरू, या तीन वेगळ्या पायऱ्या. खाली मथळ्याच्या मापात बसणारे पर्याय, मित्राने तपासून दिलेले.

खर्च शून्य. आधीच्या पत्रकाच्या रंगीत प्रती काढल्या होत्या त्याचे 960 रुपये मात्र बुडाले.

21 ऑक्टोबर

पावसाळी वेळापत्रक काल संपलं. आजच्या अंकांत नव्या वेळा आहेत, आणि एका बातमीत आमच्या पत्रकातली ओळ जशीच्या तशी: मडगावला दोन्ही मार्ग येतात, पण स्थानक कोकण रेल्वेचं. तारखा बरोबर, वंदे भारतचे वार बरोबर. फोटो मात्र कुठल्यातरी युरोपातल्या बर्फाळ डोंगरातल्या गाडीचा.

डेस्कवाल्या मित्राला फोन केला. त्याचं उत्तर: फुकट आणि हक्काच्या भानगडीशिवाय मिळालेला तोच एक. गोव्यातल्या रेल्वेगाड्यांचे चांगले फोटो तुमच्या लोकांकडे ढिगाने आहेत, पण प्रत्येकावर मधोमध नाव ठोकलेलं. ते कसे छापायचे?

तेव्हा पुढचं काम ठरलं. मडगाव, थिवी, करमळी, कुळे, वास्को या स्थानकांचे फलाटावरून काढलेले आडवे फोटो, नावाचा शिक्का कोपऱ्यातसुद्धा नाही, छापायची लेखी परवानगी सोबत. फाइलच्या नावातच स्थानक, तारीख आणि रेल्वे कोणती ते लिहायचं, म्हणजे ओळ टाकणाऱ्याला शोधावं लागणार नाही. विजेवर चालणाऱ्या आणि डिझेलच्या गाड्या वेगळ्या फोल्डरमध्ये. 2022 च्या जूनमध्ये कोकण रेल्वेच्या पूर्ण विद्युतीकरणाचं लोकार्पण झालं तेव्हाच्या बातम्यांवर डिझेल इंजिनं धूर सोडताना छापलेली वहीत आहेत. दोघा फोटोवाल्यांनी लगेच होकार दिला. तिसऱ्याने विचारलं, इंजिनाचा नंबर तरी ओळीत देणार ना? काकांनी त्याला रविवारी घरी बोलावलंय.